एन म्हणजे नाय

ऐनकरदादांना 'सगळं ठीक आहे' असं सांगितलेलं चालत नसे. कुणी सांगितलंच तर ते चष्मा कपाळावर ढकलायचे आणि विचारायचे, "सगळं म्हंजे किती?" बरं, हे कामापुरतं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण कॅन्टीनच्या आचाऱ्याने 'सगळे जेवले' म्हटलं तरी त्याला तोच प्रश्न. एकदा स्टोअरमधल्या एकाच्या मुलीच्या लग्नात यजमान हात जोडून म्हणाले, "सगळे आले, फार बरं वाटलं." दादांनी तिथल्या तिथे बोटांवर मोजून कारखान्यातले कोण कोण आले नाहीत ते त्यांना ऐकवलं. यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

साजगावच्या कारखान्यात ते टेस्टिंगला होते आणि मी ऑफिसात टायपिस्ट. ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्याकडे बॉयलरवर बसवायच्या पेट्या तयार व्हायच्या. पत्र्याची निळी पेटी, आत इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आणि एका चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम. बॉयलरमधलं पाणी कमी झालं, वाफेचा दाब वाढला किंवा जाळ विझला, की पेटीने आपणहून बर्नर बंद करायचा. एवढंच तिचं काम. पण ते तिने एकदा जरी केलं नाही, तर काय झालं हे सांगायला समोर उभा असलेला माणूस उरत नाही.

म्हणून माल बाहेर जाण्याआधी प्रत्येक पेटी टेस्ट बेंचवर चढायची. बेंच म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढं एक परदेशी यंत्र. ते पेटीला एकामागून एक बत्तीस खोटी संकटं दाखवायचं आणि पेटीने काय केलं, किती वेळात केलं, ते कागदाच्या रोलवर छापायचं. मधे माणसाने हात लावायचा नाही. तो रोल ऐनकरदादा पट्टी धरून ओळीओळीने वाचायचे. मग मी सर्टिफिकेट टाइप करायची, 'सर्व चाचण्या समाधानकारक', आणि खाली ते सही करायचे.

मी कामाला लागून पंधरा दिवस झाले असतील. दादा माझ्या टेबलापाशी आले, सर्टिफिकेट पुढे ठेवलं आणि शेजारी रोल उलगडला.

"मालतीबाय, सर्व म्हंजे किती गं?"

"बत्तीस."

"मोज."

मी मोजल्या. एकतीस भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा एकतीस. मी म्हटलं, "पण नापास तर कुठेच नाही."

"नापास नाय, बरोबर हाय. पण तेरावी हाय कुठं? बेंचचा कागद अडकला, बेंच ती सोडून पुढं गेला, ती चाचणी झालीच नाय. जी झालीच नाय ती नापास व्हईल कशी?"

त्यांनी पेटी पुन्हा बेंचवर चढवली. तेरावी चाचणी व्यवस्थित पास झाली. मला रागच आला होता. मी म्हटलं, "झाली ना शेवटी पास?"

"झाली. पर तुझ्या कागदावर मघाशीच झाली व्हती, न होताच." एवढं बोलून त्यांनी सही केली आणि गेले. त्यानंतर मी रोल मोजल्याशिवाय कधी सर्टिफिकेट टाइप केलं नाही. कधीच नाही असं लिहायला हात धजावत नाही, कारण पुढे काय झालं ते मला सांगायचं आहे.

दादा कडावच्या बाजूचे. घरी भाताची शेती, ती धाकटा भाऊ बघायचा. वडील भिवपुरीच्या पॉवरहाऊसवर मजूर होते, त्यामुळे घरात विजेची भीती नव्हती आणि विजेबद्दल आदर होता. दादा आयटीआय करून वायरमन म्हणून लागले आणि पंधरा वर्षांत टेस्टिंगला पोचले. खोपोलीत एक खोली घेऊन एकटे राहायचे, रविवारी गावी जायचे. उंच, किडकिडीत, खिशाला कायम टेस्टर लावलेला. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. त्या वासावरून ऑफिसातल्या बायका नाकं मुरडायच्या, तर ते डबा आमच्या दिशेने पुढे करून म्हणायचे, "घेता का कोन? नाय? मंग वास फुकट घ्या."

त्यांची बायको गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कशाने, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही डबा खाता खाता, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं. तिच्या पोटात दुखायचं. रक्त तपासायला दिलं होतं. आठवड्याने दादांनी भावाला दवाखान्यात पाठवलं, तर तिथल्या माणसाने कागद चाळून सांगितलं, "रिपोर्टात काय नाय." भाऊ आनंदाने घरी आला. घरात सगळ्यांना बरं वाटलं, तीसुद्धा उठून कामाला लागली. त्या माणसाला म्हणायचं होतं की रिपोर्टाच्या कागदावर अजून काही आलेलं नाही. खरा रिपोर्ट आला तेव्हा उशीर झाला होता.

"तो खोटं नाय बोलला," दादा म्हणाले. "आमीच चुकीचं ऐकलं." आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि त्याच्या खोलीबाहेर चपला काढायची पाटी लागली. महिनाभर त्यावर फक्त साहेबांची पत्रं निघाली. दादा जेवणाच्या सुट्टीत त्याचं इंग्रजी पुस्तक घेऊन बसायचे. इंग्रजी बेताचं, पण चिकाटी दांडगी. अडलेला शब्द घेऊन माझ्याकडे यायचे, अर्थ तळहातावर लिहून घ्यायचे. सहा-सात महिन्यांत त्यांनी बेंचची वायर थेट कॉम्प्युटरला जोडली आणि रोल वाचणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. आता रोल पट्टी धरून वाचायला नको. बेंचने पाठवलेला प्रत्येक आकडा प्रोग्रॅम तपासायचा, पेटीनिहाय यादी करायचा आणि शेवटी हिशेब छापायचा: इतक्या पास, इतक्या फेल.

त्याने पहिल्याच महिन्यात एक गंमत करून दाखवली. एकोणिसावी चाचणी अधूनमधून नापास व्हायची, आणि सगळे चिप भरणाऱ्या माणसांना शिव्या घालायचे. दादांनी प्रोग्रॅमला सगळ्या नापास पेट्या वेळेप्रमाणे लावायला सांगितल्या. प्रत्येक नापास अकरा ते बाराच्या मधली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ते बेंचजवळ स्टूल टाकून बसले. थोड्या वेळाने उठून भिंतीपलीकडे कॅन्टीनमध्ये गेले आणि हसत परत आले. जेवणाचं वाटण करायला आचारी मोठा ग्राइंडर चालू करायचा आणि बेंचच्या विजेचा दाब पडायचा. "दोष पेटीत नाय रं," ते सगळ्यांना सांगत सुटले, "खोबऱ्यात हाय!" तेवढा एक दिवस मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं.

प्रोग्रॅम पुरा झाला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवला. चपला काढून मी आत गेले. पडद्यावर तीन अक्षरं होती.

"हे बघ. पी म्हंजे पास. एफ म्हंजे फेल. आन एन म्हंजे नाय."

"काय नाय?"

"नाय झाली. चाचणी झालीच नाय."

मी म्हटलं, "दादा, हे अक्षर बदला. नाय म्हणजे दोष नाय, असंही कुणी समजेल."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मी काहीतरी परक्या भाषेत बोलल्यासारखं. "नाय म्हंजे नाय झाली. दुसरं काय असल?" घरात जे घडलं त्यानंतर त्यांच्या लेखी त्या शब्दाला एकच अर्थ उरला होता. दुसरा अर्थ जगात अजून चालू आहे, हे त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं. मीही पुढे ताणलं नाही. माझं काम टायपिंगचं.

या तिसऱ्या अक्षरावरून मॅनेजर आणि दादा यांचं रोज वाजायचं. एक जरी एन आला तरी दादा पेटी पुन्हा चढवायचे आणि गाडी खोळंबायची. मॅनेजर म्हणायचे, "ऐनकर, फेल शून्य आहे ना? मग सोडा." दादा म्हणायचे, "सायेब, फेल किती ते मागनं सांगतो. आधी झाल्या किती ते बघा." त्यांची सही असल्याशिवाय माल हलत नव्हता, म्हणून मॅनेजरांचा इलाज नव्हता.

मार्च महिन्यात दादांची आई गेली. ते गावी गेले, आता दिवसकार्य उरकूनच येणार होते. त्यांच्या जागी शांताराम नावाच्या फिटरला बसवलं. माणूस गरीब, सांगेल ते करणारा. त्याला प्रोग्रॅम चालवता यायचा, त्यातलं कळत काही नव्हतं.

त्या आठवड्यात नऊ पेट्या निघायच्या होत्या. सकाळी शांतारामने छापील यादी माझ्या टेबलावर ठेवली. नवाच्या नऊ पेट्यांना सातव्या चाचणीपुढे एन. सातवी म्हणजे पाणी कमी झाल्याची चाचणी. शेवटी हिशेब: फेल शून्य. शांतारामने रजिस्टरच्या 'दोष' या रकान्यात नऊ वेळा आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नाय'.

मी विचारलं, "शांताराम, एन म्हणजे काय?"

"नाय. दोष नाय." त्याने साधेपणाने सांगितलं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे होते. गेटवर ट्रकचं इंजिन चालू होतं. ड्रायव्हर दोनदा आत येऊन गेला होता. मला एन म्हणजे काय ते माहीत होतं. शांतारामला नव्हतं, मॅनेजरांना लक्षात घ्यायचं नव्हतं, पण मला माहीत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की साहेब, दादांना येऊ द्या. मी कागद मशीनमध्ये घातला आणि नऊ वेळा टाइप केलं: सर्व चाचण्या समाधानकारक. शांतारामने सह्या केल्या.

दादा परत आले ते डोक्याचे केस काढलेल्या अवस्थेत, टोपी घालून. कुणाशी बोलण्याआधी टेस्टिंगच्या खोलीत गेले. दहा मिनिटांत यादी हातात घेऊन बाहेर आले. बेंचची सातव्या चाचणीची वायर आतून तुटली होती. त्या नऊ पेट्यांची पाण्याची चाचणी झालेलीच नव्हती.

"पेट्या कुठं हायेत?" त्यांनी मला विचारलं. आठ पनवेलच्या गोडाऊनमध्ये पडून होत्या. नववी थेट खालापूरच्या पुढे एका कागद गिरणीत गेली होती आणि बॉयलरवर चढलीही होती. दादांनी फोन फिरवायला घेतला. लाइन डेड. पाच-सहा वेळा फिरवून पाहिला, मग फोन ठेवला आणि धावत गेटकडे गेले. कंपनीचा टेंपो उभा होता, त्यात बसले. मी खिडकीतून बघत होते. साडेदहा वाजले होते.

ते पोचले तेव्हा गिरणीच्या आवारात माणसं पळत होती. बॉयलरमधलं पाणी संपलं होतं, पेटीने बर्नर बंद केला नव्हता. बॉयलर सांभाळणारा अटेंडंट काशिनाथ पंपाकडून परत येताना वाफेने भाजला होता. दादांनी त्याला त्याच टेंपोत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत तो दादांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: पेटीवरचा सगळं ठीक असल्याचा हिरवा दिवा चालू होता, म्हणून मी पंप बघायला गेलो. संध्याकाळी तो गेला. हे मला टेंपोच्या ड्रायव्हरने सांगितलं. दादांनी परत आल्यावर फक्त हात धुतले, बराच वेळ.

नंतर दोन्ही कंपन्यांनी मिळून चौकशी नेमली. एक निवृत्त अधिकारी आले. गिरणीचं म्हणणं, पेटी बिघडलेली. आमच्या कंपनीचं म्हणणं, पेटी तपासलेली, सर्टिफिकेट आहे. अटेंडंटला झोप लागली असणार. आठ पेट्या परत आणून तपासल्या होत्या, त्या आठही चांगल्या निघाल्या. नववी जळून गेलेली. आता सगळं त्या एका अक्षरावर आलं होतं.

दादा प्रोग्रॅमचा लांबच लांब कागद घेऊन गेले. एन कुठल्या ओळीत, कशासाठी लिहिलाय, ते बोट ठेवून समजावत राहिले. "हे मी लिवलंय सायेब. माझ्या हातानं. बेंचकडनं जबाब आला नाय तर एन. नाय झाली." अधिकाऱ्यांनी कागद उलटा धरला होता. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं. पण तुम्ही त्या दिवशी हजर नव्हता. जे हजर होते ते काय समजत होते?"

शांताराम म्हणाला, "दोष नाय." तो खरं बोलला.

मग मला बोलावलं. आदल्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता. कारखाना बंद पडला तर किती घरं बसतील, ते सांगितलं होतं. माझ्या घरी कमावणारी मी एकटी, याचीही आठवण दिली होती. हे मी सफाई म्हणून लिहीत नाही. चहा मी प्यायले होते, एवढं सांगायचं आहे.

"बाई, एन म्हणजे काय समजत होता तुम्ही?"

दादा समोरच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. आता मालतीबाय सांगेल. तिला आपण स्वतः दाखवलंय, एवढीच त्यांची खात्री.

त्या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे त्यांना सगळ्यात आधी मी सांगितलं होतं. त्यातला सोयीचा मी उचलला. मी म्हटलं, "दोष नाही. सगळे तसंच समजायचो."

दादांनी चष्मा कपाळावर ढकलला नाही. काही विचारलं नाही. प्रोग्रॅमचा कागद घडी घालून घेतला आणि उठून गेले. अहवालात आलं की अटेंडंटचं पाण्याकडे दुर्लक्ष झालं. काशिनाथच्या बायकोला गिरणीच्या चाळीतली खोली सोडावी लागली. दादांनी महिन्याअखेर राजीनामा दिला. त्या महिन्यात ते माझ्याशी नेहमीसारखे वागले, फक्त टेबलापाशी यायचे थांबले. पुढच्या माणसाने प्रोग्रॅममधून ते तिसरं अक्षर काढून टाकलं. गाड्या वेळेवर सुटू लागल्या.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. चारेक वर्षं गेली होती. एका नातेवाइकाकडून परत येताना मी कर्जतच्या एसटी स्टँडवर खोपोलीच्या गाडीची वाट बघत होते. बाजाराचा दिवस होता. दादा पिशवी घेऊन उभे होते, आणखी वाळलेले, दाढीचे खुंट पांढरे. मला टाळता आलं असतं. का कोण जाणे, मी पुढे गेले आणि कसंही करून एकदाचं बोलून टाकलं, "दादा, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"मला ठावं हाय गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखीच कानकोंडं झालं.

"मला माफ करा."

"माझं काय त्यात? मी शेती करतो, जेवतो." त्यांनी हात लांब केला. "ती बाय बघ. हिरवं लुगडं, वालाच्या शेंगा घेऊन बसलीय. काशिनाथची बायको ती. तिला वाटतं नवरा झोपला व्हता. पोरांना पन शाळेत तसंच बोलत्यात, तुजा बाप झोपला आन मेला."

"तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"धा येळा सांगितलं. ती म्हनते, तुमी चांगलं मानूस म्हनून बोलता. कागदावर दुसरंच लिवलंय. ज्यांनी लिवलंय त्यांनी सांगू दे, मंग ऐकीन." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मला नको सांगू मालतीबाय. तिला सांग. हितनं तीस पावलं हायेत."

मी त्या बाईकडे पाहिलं. ती शेंगा तोलत होती, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती, मधेच हसलीसुद्धा. माझ्यापेक्षा लहान असेल. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. दादा नुसते उभे होते.

तेवढ्यात खोपोलीची गाडी लागली. लोक दाराकडे धावले. पुढची गाडी दोन तासांनी होती. मी दादांना म्हटलं, "पुढच्या वेळी येईन तेव्हा नक्की," आणि चढले.

खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी वळली तेव्हा दादा त्या बाईसमोर उकिडवे बसून शेंगा निवडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. तिने पाहिलं, गाडीतल्या सगळ्यांकडे बघतात तसं माझ्याकडेही, आणि गाडी स्टँडबाहेर पडली.